मध्ययुगीन रंगीत काच कशी बघायची: सां-दनीच्या अॅबी चर्चमध्ये एक अख्खी सकाळ

पहिल्यांदा सां-दनीला गेले तेव्हा वीस मिनिटांत बाहेर आले होते. वर बघितलं, निळं दिसलं, लाल दिसलं, किती सुंदर म्हटलं, दहा-बारा फोटो काढले आणि मग राजेराण्यांच्या थडग्यांकडे वळले. घरी आल्यावर फोटो उघडले तर जवळजवळ सगळ्यांत खिडकीच्या जागी पांढरा डाग आणि भोवती काळोख. आणि खरं वाईट याचं वाटलं की त्या खिडक्यांत नेमकं काय होतं हे मला एक वाक्यसुद्धा सांगता येत नव्हतं. त्यानंतर बरंच वाचलं, पुन्हा गेले, दुर्बीण घेऊन गेले, आणि दुसऱ्या वेळी चार तास कसे गेले कळलं नाही. तुमची पहिलीच फेरी माझ्या दुसऱ्या फेरीसारखी व्हावी म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी जागेबद्दल. सां-दनी पॅरिसच्या उत्तरेला लागूनच आहे, मेट्रोची १३ नंबरची लाइन पकडायची आणि बाझिलिक द सां-दनी या स्टेशनवर उतरायचं, तिथून चालत काही मिनिटं. आज त्याला कॅथीड्रल म्हणतात पण मुळात हे बेनेडिक्टाइन मठाचं चर्च, फ्रान्सचे बहुतेक राजे इथेच पुरलेत. ११२२ ते ११५१ या काळात इथला मठाधिपती होता सुजे. गरीब घरातला मुलगा, लहानपणीच मठात आलेला, पुढे राजाचा सल्लागार झाला आणि राजा सातवा लुई दुसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, गेला तेव्हा राज्याचा कारभारसुद्धा याच माणसाने बघितला. त्याने जुनं चर्च टप्प्याटप्प्याने नव्याने बांधायला घेतलं, पश्चिमेची बाजू ११४० मध्ये झाली आणि पूर्वेकडचा गाभा, म्हणजे ज्याला क्वायर म्हणतात तो, ११ जून ११४४ ला राजाच्या उपस्थितीत पवित्र केला. गॉथिक शैलीची सुरुवात लोक इथून मोजतात. वेदीच्या मागून अर्धगोल फिरणारा दुहेरी प्रदक्षिणामार्ग, त्याला लागून चॅपल्स, म्हणजे छोटी छोटी प्रार्थनास्थळं, आणि प्रत्येक चॅपलला मोठ्या खिडक्या, त्यामुळे भिंत जवळजवळ नाहीशीच होते आणि सगळीकडून उजेड आत येतो. सुजेने याबद्दल स्वतः लिहून ठेवलंय हे आपलं नशीब, कुठल्या खिडकीत काय चित्र होतं, खाली कुठली लॅटिन ओळ होती, इतकंच काय, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या कारागिरांकडून काम करून घेतलं आणि काचांची देखभाल करायला एक खास कारागीर नेमला, हे सगळं त्यात आहे. बाराव्या शतकातल्या काचांबद्दल करवून घेणाऱ्यानेच इतकं सांगितलेलं दुसरीकडे सापडणं फार कठीण.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही आधी डोक्यात बसली नाही तर बाकी काही उपयोगाचं नाही. सां-दनीत जी काच दिसते ती सगळी सुजेच्या काळातली नाही, अर्धीसुद्धा नाही. क्वायरचा वरचा भाग आणि मधला मोठा हॉल तेराव्या शतकात, १२३१ नंतर, नव्याने बांधला गेला. मग फ्रेंच राज्यक्रांती आली, १७९३ मध्ये राजांची थडगी उघडली गेली, छपराचं शिसं काढून नेलं, आणि १७९९ मध्ये अलेक्झांद्र लनवार नावाच्या माणसाने उरलेले काचेचे पॅनेल काढून पॅरिसमधल्या आपल्या म्युझियममध्ये नेले. नेताना बरेच फुटले, काही विकले गेले, काही इंग्लंडला पोचले. १८४० च्या दशकापासून व्हिओले-ल-द्यूक या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली उरलेसुरले तुकडे परत बसवले आणि मधल्या रिकाम्या जागा आल्फ्रेद जेराँतच्या वर्कशॉपने नव्या काचेने भरल्या. म्हणजे एकाच खिडकीत बाराव्या शतकातला तुकडा आणि एकोणिसाव्या शतकातला तुकडा शेजारी शेजारी, तुकडे जोडणाऱ्या एकाच शिशाच्या पट्टीच्या दोन बाजूंना. तुम्ही जी गोष्ट आठशे वर्षं जुनी समजून भारावून जाल ती कदाचित आपल्या बोरीबंदर स्टेशनपेक्षा जेमतेम तीस-पस्तीस वर्षं जुनी असेल. म्हणून माझं सांगणं असं की आधी काच बघायला शिका, चित्र नंतर. कुठला तुकडा कधीचा याचा अंदाज यायला लागला की चित्र समजायला लागतं, उलट केलं तर दोन्ही निसटतं.

डोळा तयार करायला फ्रान्सला जायची गरज नाही, कुलाब्याला जा. नेव्ही नगरकडचं अफगाण चर्च १८५८ मध्ये पवित्र केलं गेलं आणि तिथल्या खिडक्या इंग्लंडमधल्या विल्यम वेल्सच्या वर्कशॉपच्या आहेत, म्हणजे जेराँत सां-दनीत काम करत होता साधारण त्याच काळातल्या. मध्ययुगाची भक्ती करणाऱ्या एकोणिसाव्या शतकाने मध्ययुग कसं रंगवलं ते तिथे निवांत बघता येतं. चेहरे नीट, सौम्य, थोडे गोड. रंग एका पातळीचे. कपड्यांच्या चुण्या चित्रकलेच्या वर्गात शिकल्यासारख्या. तिथे अर्धा तास बसा आणि ही गोड व्यवस्थितपणाची चव लक्षात ठेवा, सां-दनीत ती पुन्हा दिसली की मनात घंटा वाजली पाहिजे. त्या खिडक्या कमी प्रतीच्या आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, त्या त्यांच्या जागी उत्तमच आहेत, फक्त वेगळ्या काळातल्या आहेत.

सोबत काय न्यायचं. दुर्बीण, ८ पटीची पुरे, त्याहून जास्त पटीची घेतलीत तर हात हलून काही दिसत नाही. जवळच्या अंतरावर फोकस होणारी असली तर फारच छान कारण चॅपलमध्ये तुम्ही खिडकीपासून काही फुटांवरच असता. एक वही आणि पेन्सिल. आणि गरम कपडे, दगडी इमारत आहे, उन्हाळ्यातसुद्धा आत गार असतं आणि तुम्ही हलणार नाही आहात. मुख्य हॉलमध्ये फुकट जाता येतं, पण थडगी आणि मागचा प्रदक्षिणामार्ग बघायला तिकीट आहे, ते घ्याच, सुजेच्या काचा तिकडेच आहेत. तिकीट घेताना एक प्रश्न विचारा की आज कुठले पॅनेल जागेवर आहेत. अशा जुन्या काचा संवर्धनासाठी वर्षानुवर्षं खाली उतरवलेल्या असू शकतात आणि त्यांच्या जागी दुसरं काही लावलेलं असतं. हे आधी कळलेलं बरं.

वेळ सकाळची धरा, आणि शक्य असेल तर ढगाळ दिवस. हे ऐकायला उलटं वाटतं कारण आपल्याला वाटतं की कडक ऊन म्हणजे काचा झगमगणार. झगमगतात पण त्यात रेघा दिसत नाहीत. क्वायर पूर्वेकडे आहे, सकाळचं ऊन थेट काचेवर आलं की हलके रंग दिपवतात आणि बारीक रंगकाम गायब होतं. ढगातून येणारा एकसारखा उजेड सगळ्यात चांगला. नशिबाने ऊन-ढगांचा खेळ असेल तर त्यासारखं काही नाही, एका जागी थांबा आणि ढग सरकताना आधी कुठला रंग उजळतो आणि कुठला मागे जातो ते बघा. व्हिओले-ल-द्यूकने याबद्दल लिहिलंय, निळा रंग आपल्या कडा ओलांडून पसरतो, शेजारच्या रंगांवर चढतो, लाल मात्र बराचसा आपल्या जागी राहतो. म्हणून जुने कारागीर निळ्याशेजारी काळ्या रंगाची जाळी नाहीतर मोत्यांच्या माळेसारखी ठिपक्यांची पट्टी काढून त्याला आवर घालायचे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ती ठिपक्यांची पट्टी नुसती शोभेची वाटत नाही.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. फोन काढू नका. बाहेरच्या उजेडातून आलेला डोळा आतल्या अंधाराला सरावला पाहिजे, आणि मध्येच स्क्रीन बघितली की सगळं पहिल्यापासून. नुसतं फिरा, मग सगळ्यात मागे, बरोबर मधोमध असलेल्या चॅपलपाशी या. ते मारियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, चॅपल. तिथे थांबायचं.

आता काच कशी बनायची ते थोडं सविस्तर सांगते, कारण जुनं-नवं ओळखायच्या सगळ्या खुणा तिथूनच येतात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस या टोपणनावाने एका साधूने कारागिरीवर लिहून ठेवलंय आणि त्यात काचेची पूर्ण कृती आहे. बीच झाडाची राख दोन भाग, स्वच्छ धुतलेली वाळू एक भाग. राखेतला क्षार वाळूला लवकर वितळवतो. रंग भट्टीतच यायचा, कोबाल्टने निळा, तांब्याने लाल आणि हिरवा, मॅंगनीजने जांभळट किंवा कातडीसारखा गुलाबीसर. म्हणजे काचेला वरून रंग दिलेला नाही, काच मुळातच रंगीत आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. वितळलेला गोळा फुंकून नळकांडं करायचं, ते उभं चिरून गरम असतानाच सपाट उघडायचं. त्यामुळे जाडी कधीच एकसारखी नसते आणि आत बुडबुडे, रेषा राहतात.

मग लाकडी फळीवर खडूचं पाणी फासून त्यावर मूळ मापात चित्र काढायचं, कुठला तुकडा कुठल्या रंगाचा ते तिथेच लिहायचं. काच त्या फळीवर ठेवून कापायची पण कापायला हिरकणी नव्हती. आज आपला फोटोफ्रेमवाला हिरकणीने सर्र करून काच कापतो तसं नाही, तापवलेल्या लोखंडाच्या टोकाने काचेला तडा न्यायचा आणि मग खाच असलेल्या लोखंडी अवजाराने कडा कुरतडत कुरतडत आकार आणायचा. त्या कुरतडलेल्या कडा शिशाच्या आत लपतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत, पण म्युझियममध्ये सुटा तुकडा बघायला मिळाला तर कडेकडे नक्की बघा, उंदराने खाल्ल्यासारखी दिसते.

यानंतर रंगकाम, आणि त्या काळी रंग एकच, काळपट तपकिरी. धातूची भुकटी आणि काचेची भुकटी एकत्र दळून वाइनमध्ये नाहीतर मूत्रात कालवायची आणि कुंचल्याने डोळे, नाक, चुण्या, अक्षरं काढायची. पातळ हात, मध्यम हात, मग जाड रेघ असे थर. काही ठिकाणी उलटं, सगळं काळं फासून मग कुंचल्याच्या दांड्याने खरवडून आतून उजेडाची नक्षी काढायची, अक्षरं बऱ्याचदा अशीच असतात. मग तुकडे भट्टीत सुमारे ६०० अंशाला भाजले की रंग काचेत मुरतो. शेवटी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे, सांधे सोल्डर करायचे, आणि असे पॅनेल लोखंडी चौकटीत एकावर एक लावत न्यायचे. शिसं हे नुसतं तुकडे जोडण्यासाठी नाही, चित्राची बाह्यरेषा तेच आहे. चांगल्या कारागिराची शिशाची ओळ खांद्यावरून, गुडघ्यावरून, पंखाच्या कडेने जाते.

आता दुर्बीण लावा आणि एकच पॅनेल निवडा, एकच. चित्र कशाचं आहे ते सध्या सोडून द्या. आधी शिशाच्या ओळी बघा. एखादी ओळ चेहऱ्याच्या मधून आडवी गेलीय, नाक कापत, तर ती मूळ रचनेतली नाही, तिथे काच फुटली होती आणि नंतर कुणीतरी शिसं घालून सांधलीय. म्हणजे तो चेहरा जुना असण्याची शक्यता वाढली, नवा चेहरा असता तर अख्खाच बसवला असता. मला स्वतःला असे सांधलेले चेहरे सगळ्यात प्रिय आहेत. कुणीतरी तो तुटका चेहरा फेकून न देता पुन्हा जोडावासा वाटला इतका मोलाचा मानला, हे त्या वेड्यावाकड्या ओळीत दिसतं.

मग लाल रंग बघा. तांब्याचा लाल इतका गडद येतो की पूर्ण जाडीची लाल काच काळीच दिसेल, म्हणून पांढऱ्या काचेत लालाचे अगदी पातळ थर असायचे, आणि बाराव्या-तेराव्या शतकात हे थर अनेक आणि असमान. त्यामुळे जुना लाल पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, कुठे गडद, कुठे जवळजवळ पारदर्शक, फणसाच्या लाकडातल्या रेषांसारखा. नवा लाल एकदम सपाट.

मग पृष्ठभाग. राखेची काच पावसापाण्याने खराब होते, क्षार बाहेर येतो, बाहेरून खड्डे पडतात, खपली धरते, आणि आतून बघताना तिथे मळकट ठिपके दिसतात. असे ठिपके दिसले की काच जुनी असण्याची शक्यता खूप. पण इथे एक मोठी फसगत आहे आणि मी तीत पडले होते. स्वच्छ, नितळ, चमकदार निळी काच दिसली की वाटतं ही नक्की नवी. तसं नाही! बाराव्या शतकातली पुष्कळशी निळी काच राखेची नाहीच, सोडा वापरून केलेल्या वेगळ्या जातीची आहे, सां-दनी, शार्त्र आणि इंग्लंडमधल्या यॉर्कच्या तुकड्यांच्या रासायनिक तपासणीत हे दिसलंय, आणि ती काच हवामानाला फार चांगली टिकते. म्हणून एकाच पॅनेलमध्ये शेजारचा जुना हिरवा कुजलेला आणि निळा कालच बसवल्यासारखा असं दिसू शकतं आणि दोन्ही ११४० च्या दशकातले असू शकतात. ज्या निळ्याला सुजे आपल्या लिखाणात नीलमण्याचा माल म्हणतो तो हाच. तेव्हा निळ्यावरून निकाल देऊ नका, हिरवा आणि कातडीचा रंग बघून द्या.

पिवळ्याची खूण सगळ्यात सोपी. पांढऱ्या काचेच्या एकाच तुकड्यावर केस किंवा मुकुट पिवळा आणि चेहरा पांढरा, मध्ये शिसं नाही, असं दिसलं तर ती चांदीच्या क्षाराने आणलेली पिवळी छटा आहे, आणि ते तंत्र फ्रान्समध्ये साधारण १३०० च्या सुमाराला आलं. बाराव्या शतकात पिवळा हवा असेल तर पिवळ्या काचेचा वेगळा तुकडा आणि भोवती शिसं, दुसरा मार्ग नव्हता. आणि अनेक रंग काचेवर सरळ रंगवलेले दिसले तर ते त्याहून उशिरा, सोळाव्या शतकापासून पुढचं.

शेवटी चेहरा. जुना चेहरा मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचा, भुवईची रेघ तशीच वळून नाकात उतरते, हनुवटी आणि गळा दोन-तीन ठाम रेघांत. तो तुमच्याशी गोड वागत नाही. कुलाब्यात बघितलेली ती सौम्यता इथे नसते. अर्थात जेराँत हुशार कारागीर होता आणि जुन्याची नक्कल करत होता, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका, तीन-चार खुणा एका दिशेने बोट दाखवत असतील तरच वहीत लिहा. एक गैरसमज काढून टाका, जुनी काच खालून जाड असते कारण ती शेकडो वर्षांत हळूहळू ओघळते असं लोक सांगतात, ते खोटं आहे. जाडी असमान असते ती फुंकण्यामुळे, काच वाहत नाही.

हे सगळं झालं की मग चित्र. बहुतेक मध्ययुगीन खिडक्या खालून वर वाचायच्या आणि ओळीत डावीकडून उजवीकडे. मधल्या चॅपलमध्ये दोन खिडक्या आहेत, एक येशूच्या बालपणाची आणि दुसरी इशायचा वृक्ष. बालपणाच्या खिडकीत खाली देवदूत मारियेला निरोप सांगतोय ते दृश्य शोधा आणि मग मारियेच्या पायाशी बघा. जमिनीवर आडवा पडून साष्टांग घालणारा एक साधू दिसेल, नाव लिहिलेलं आहे, तो सुजे. दुरुस्त्या झाल्यात तिथे, पण कल्पना त्याचीच. राज्य चालवणारा माणूस स्वतःला असा पायाशी काढून घेतो, पण नाव मात्र स्पष्ट अक्षरांत घालतो. या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसाच्या वाटतात, त्याची नम्रताही खरी आणि आपल्याला लोकांनी आठवावं ही ओढही खरी.

इशायचा वृक्ष म्हणजे वंशावळ. खाली इशाय, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचा बाप, झोपलेला, त्याच्या अंगातून झाड उगवलेलं, फांद्यांत एकावर एक राजे, मग मारिया, आणि शेंड्याला ख्रिस्त, भोवती सात कबुतरं म्हणजे पवित्र आत्म्याची सात दानं, आणि दोन्ही बाजूंना हे भाकीत करणारे संदेष्टे. शेषशायी विष्णूच्या नाभीतून उगवलेलं कमळ डोळ्यांसमोर असलेल्या आपल्या माणसाला ही रचना एकदा बघितली की विसरता येत नाही, अर्थ वेगळा असला तरी. इथल्या वृक्षाचा बराच भाग एकोणिसाव्या शतकातला आहे. पण हीच रचना थोड्याच वर्षांत शार्त्रच्या कॅथीड्रलच्या पश्चिमेच्या खिडकीत उतरली आणि ती तिथे फार चांगल्या अवस्थेत आहे. पॅरिसहून शार्त्र रेल्वेने तासा-सव्वा तासावर, जमल्यास दुसऱ्या दिवशी जाऊन या, सां-दनीतलं काय गेलं ते शार्त्रला कळतं.

जवळच्याच चॅपलमध्ये बायबलमधल्या मोशेची खिडकी आणि दुसरी एक, अभ्यासक जिला अर्थ वर चढवत नेणारी खिडकी म्हणतात. मोशेची सोपी आहे, नदीतून सापडलेलं बाळ, जळूनही न जळणारं झुडूप, दुभंगलेला समुद्र, खांबावरचा पितळी साप. दुसरी अवघड, आणि माझी सगळ्यात लाडकी. तिच्यात एक दृश्य सुजेने असं सांगितलंय: संदेष्टे धान्याची पोती आणतायत आणि संत पौल जातं फिरवतोय. खालच्या लॅटिन ओळीचा आशय असा की पौला, तू जातं ओढून कोंड्यातून पीठ वेगळं काढतोस, मोशेच्या कायद्यातलं आतलं सार उघड करतोस. ज्यांच्या घरात आजीचं जातं अजून कोपऱ्यात आहे त्यांना हे समजायला कुणा प्रोफेसरची गरज नाही. हीच कल्पना फ्रान्समधल्याच व्हेझले इथल्या मठाच्या चर्चमध्ये दगडी खांबाच्या माथ्यावर कोरलेली आहे. आता आपण जे शिकलो ते इथे लावून बघा. जात्याचं जे मेडॅलियन, म्हणजे गोल चौकटीतलं चित्र, आज दिसतं ते सुजेच्या लिखाणावरून एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेलं आहे. आणि त्याच खिडकीतला तो चार चाकांचा पेटारा, ज्यातून क्रूस वर आलाय आणि कोपऱ्यांत चार प्राणी आहेत, तो बराचसा जुना. दोन्हींवर आळीपाळीने दुर्बीण लावा, रेघ बघा, लाल बघा, चेहरे बघा. माझ्या मते अख्ख्या सां-दनीत याहून चांगला धडा नाही.

लोक सांगतात की या खिडक्या म्हणजे अडाण्यांचं बायबल. इथे तरी ते पटत नाही. या काचा साधूंच्या भागात, खाली लॅटिन श्लोक, आणि वेदीवरच्या कामाबद्दल तर सुजे स्वतःच लिहितो की याचा अर्थ फक्त शिकलेल्यांना कळेल. त्याच काळात सिस्टर्शियन साधूंनी आपल्या मठांत नियम केला होता की काचा पांढऱ्या असाव्यात, चित्रं नकोत. म्हणजे रंगीत काच चर्चमध्ये असावी की नाही यावरच तेव्हा दोन मतं होती, आणि सुजेने आपली बाजू अशी ठणकावून मांडली.

वहीत नोंद कशी करायची ते सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्पस व्हिट्रेआरुम नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, देशोदेशीच्या मध्ययुगीन काचांची नोंद करायचा, त्यांची फ्रान्समधली पद्धत सोपी आहे. पूर्वेच्या मध्यावरची खिडकी शून्य, तिथून उत्तरेकडे विषम आकडे, दक्षिणेकडे सम, वरच्या मजल्याच्या खिडक्यांना शंभराच्या पुढचे आकडे. तुम्हीही असंच करा, एक साधा नकाशा काढा, खिडकीला आकडा, पॅनेलला ओळ आणि रकाना, आणि शेजारी तुमचा अंदाज, जुनं, नवं, माहीत नाही. माहीत नाही हे बऱ्याच वेळा लिहावं लागेल, लिहा. हेच अभ्यासक पॅनेलचे आराखडे छापतात आणि त्यात बदललेले तुकडे वेगळ्या खुणेने दाखवतात. सां-दनीचं असं काम लुई ग्रोदेकीने आयुष्यभर केलं. आधी स्वतः अंदाज बांधा आणि मग लायब्ररीत तो आराखडा उघडा, या क्रमाने केलं तरच मजा आहे. माझे पहिल्या वेळचे अर्धे अंदाज चुकले होते, पण कुठे चुकले ते बघतानाच खरी शिकले.

फोटोसाठी फार थोडं: फ्लॅश बंद, मोजमाप उजळ काचेवर करा आणि एक्स्पोजर एक-दोन टप्पे खाली आणा, भिंत काळी पडू दे. आधी अख्खी खिडकी, मग एकेक पॅनेल त्याच क्रमाने, नाहीतर घरी गेल्यावर कुठलं कुठलं ते कळणार नाही.

आणि जे तिथे नाही त्याचीही यादी वहीत शेवटच्या पानावर ठेवा. पॅरिसच्याच क्लुनी म्युझियममध्ये सां-दनीचे तुकडे आहेत, संत बेनेडिक्टच्या आयुष्यातलं दृश्य, आणि तिथे काच डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर दिसते, कुंचल्याचा एकेक फटकारा दिसतो. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या ट्वायक्रॉस या छोट्या गावाच्या चर्चमध्ये सां-दनीची काच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ब्रिन अॅथिनला ग्लेनकेर्न म्युझियममध्ये बालपणाच्या खिडकीतलं एक पॅनेल आहे, मारिया बाळाला घेऊन इजिप्तला चाललीय ते. फिलाडेल्फियाजवळ आहे ते, आणि त्या बाजूला आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, मुलांना घेऊन एका शनिवारी जाण्यासारखं ठिकाण. मी अजून गेले नाही. वहीत बालपणाच्या खिडकीच्या नकाशात त्या दृश्याची जागा मी रिकामी ठेवलीय, ते पॅनेल समोर बघूनच भरायची असं ठरवलंय.